नव्या बिऱ्हाडाची सुरी

लग्नात आलेल्या आहेरांची मोजदाद करावयास बसले असता एक गोष्ट हटकून ध्यानात येते. भिंतीवरची घड्याळे तीन-तीन येतात, काचेचे पेले डझनांनी येतात, चादरींचे तर ढीग लागतात. परंतु जिच्यावाचून पहिल्या दिवशीची भाजीदेखील फोडणीस पडावयाची नाही, ती सुरी मात्र कोणी देत नाही. धारेची वस्तू भेट दिल्याने नाते तुटते, ही समजूत आपल्याकडे आहे तशीच ती इंग्रजांच्या देशातही आहे. तेथे कोणी सुरी दिलीच, तर घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक पेनी ठेवावयाची. म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते आणि स्नेह शाबूत राहतो! आपल्याकडच्या जुन्या बायका सुरी हातातून हातात देत नसत. ती खाली ठेवावयाची आणि दुसरीने उचलावयाची. ही रीत भाबडी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ती पाळणाऱ्या घरात बोटे कापण्याचे प्रसंग कमीच येत असतील. ते काहीही असो, परिणाम एवढाच होतो की, नव्या बिऱ्हाडाची सुरी ज्याची त्याला विकत घ्यावी लागते, आणि ती घेण्याची वेळ नेमकी हात आखडलेला असतानाच येते.

माझ्या भाचीवर ती वेळ गेल्या वैशाखात आली. तिने व तिच्या यजमानांनी डोंबिवलीस पूर्वेकडे, स्टेशनापासून पायी वीस मिनिटांच्या अंतरावर, दोन खोल्यांचे बिऱ्हाड केले. दोघेही नोकरीस मुंबईला. पगार दोघांनाही आहेत. पण घरमालकाची अनामत, पहिले भाडे, दलालाची दलाली, गॅसची जोडणी, गाद्या आणि कपडे धुण्याचे यंत्र एवढ्यांनी त्या दोन पगारांचा असा काही फडशा पाडला की, राहिलेल्या सामानाची यादी करताना प्रत्येक जिनसेपुढे आकडा मांडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्या यादीत ‘सुऱ्या वगैरे’ असे लिहून पुढे १,५०० रुपये मांडले होते. यादी घेऊन ती ठाण्यास नौपाड्यात माझ्या घरी आली. मी तीस वर्षांवर शाळेत रसायनशास्त्र शिकविले असल्याने, घरात कोणतीही धातूची वस्तू घ्यावयाची झाली की माझा सल्ला घ्यावा, असा आमच्या कुटुंबात प्रघात पडला आहे. मग ती वस्तू मंगळसूत्र असो वा तवा!

“मावशी, हा संच बघ,” असे म्हणून तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सुऱ्यांचा तो थाट एखाद्या संस्थानिकाच्या शस्त्रागारास शोभावा असा होता. नग चौदा. मूळची भली मोठी किंमत खोडून खाली २,९९९ रुपये लिहिले होते, आणि तेही हप्त्यांनी द्यावयाची सोय होती.

मी तिला एवढेच म्हटले, “हे चौदा नग मला मोजून दाखव.”

मोजता मोजता तिचीच मौज झाली. पहिला नग म्हणजे तो लाकडी ठोकळा. दुसरा कातर. तिसरा धार सरळ करावयाची सळई. पुढे एकसारख्या सहा सुऱ्या निघाल्या. त्या पाश्चात्त्य लोक जेवताना ताटातील मांस कापण्यास वापरतात. झाले नऊ. उरल्या पाचांत एक शिजविलेल्या मांसाचे पातळ काप काढण्याची, एक पावाची, एक मोठी, एक मधली आणि एक लहान. भाचीच्या घरी मांस शिजावयाचे नाही. तेव्हा चौदांपैकी सात नग तर आजन्म ठोकळ्यातच बसून राहणार! मधली सुरी ही जगातील बहुतेक मधल्या वस्तूंप्रमाणे कोणत्याच कामाला पुरती उपयोगी नसते. म्हणजे तीन हजार रुपये देऊन घरात खऱ्या कामाच्या सुऱ्या तीनच यावयाच्या. आणि त्या तिन्हींवर मिळून किती पोलाद खर्ची पडले असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ती जराशी हिरमुसली. मग म्हणाली, “त्यापेक्षा आजीची विळीच आणते. एक पैसा पडायचा नाही.”

विळीचा विषय निघाला की मी थोडी पक्षपाती होते, हे आधीच सांगितलेले बरे. सुरीत भाजी स्थिर असते व पाते चालते. विळीत पाते स्थिर असते व भाजी चालते. वरवर पाहता हा फरक क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचा अर्थ असा की, विळीवर बसलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे असतात. उजव्या पायाने पाट दाबला की पाते अढळ झाले. मग मेथीची आख्खी जुडी दोन्ही हातांनी धरून बारीक चिरा, की गवारीच्या शेंगा मूठभर एकदम घ्या. चिरलेले थेट खालच्या परातीत पडते, फळी लागत नाही की धुवावी लागत नाही. लाल भोपळ्यासारखे आडदांड फळ सुरीला दाद देत नाही. विळीवर ते दोन हातांच्या जोराने शरण येते. ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ म्हणणाऱ्याने ते दृश्य पुष्कळदा पाहिले असले पाहिजे. शिवाय टोकाला खवणी. नारळ खवण्याचे काम कोणत्याही सुरीने आजवर केलेले नाही व पुढेही ती करील असे दिसत नाही. हे साधन आपल्या एकट्यांचेच आहे असेही नाही. कानडी मुलखात त्यास ईळिगे मणे म्हणतात, तामीळ घरांत अरिवाळमणै, तेलुगू घरांत कत्तिपीट आणि बंगाल्यात बोंटी. गोव्याकडे व तळकोकणात तीच आदोळी. एवढ्या भाषांतील गृहिणी पिढ्यान्‌पिढ्या ज्या साधनापाशी बसल्या, ते अडाणीपणाचे लक्षण असे समजणारांनी एकदा तिच्यावर कोथिंबीर चिरून पाहावी.

मग ती गेली कोठे? विळीला स्वयंपाकघरातून कोणी हद्दपार केले नाही. जमीनच तिच्याखालून निघून गेली. चूल जमिनीवर होती तोवर सारा स्वयंपाक बसून होत असे. शेगडी ओट्यावर चढली, आणि तिच्यामागोमाग पाणी, भांडी व शेवटी स्वयंपाक करणारी बाईही उभी राहिली. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या स्थापत्यविशारद बाईंनी कामगारांच्या नव्या घरांसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. जेमतेम दोन मीटर रुंद व साडेतीन मीटरांहून थोडे कमी लांब. हात लांबविला की हवी ती वस्तू सापडावी अशी त्याची रचना. आज मुंबईपासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक इमारतीतील ओटा, वर फडताळे, खाली कप्पे अशा बेताचे स्वयंपाकघर त्याच कुळातले आहे. गंमत अशी की, त्या बाईंनी आपल्या आराखड्यात बसून काम करण्यासाठी एक फिरते स्टूलही ठेवले होते. आपल्याकडच्या बांधणाऱ्यांनी बाकी सारे घेतले, तेवढे स्टूल मात्र विसरले! भाचीचे स्वयंपाकघर तर इतके चिंचोळे की, विळी मांडून कोणी बसले तर दुसऱ्याने त्यावरून ओलांडूनच जावे. आणि विळी ओलांडू नये हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो.

तरीही आम्ही दोघी त्या रविवारी कल्याणला गेलो. पारनाक्याजवळ माझी आई राहते. तिची विळी माझ्या वडिलांनी १९६२ साली, लग्नानंतर पहिल्याच वर्षी, एका घिसाड्याकडून घडवून घेतलेली. घिसाडी लोकांची रस्त्याकडेची पाले व भाते पुष्कळ वाचकांनी पाहिले असतील. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरून बसतो आणि बाई उभी राहून घणाचे घाव घालते. मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद ते विळ्या-कोयत्यांना वापरतात, आणि ते पोलाद उत्तम असते. आईच्या विळीचे पाते मूळचे चांगले तीन बोटे रुंद होते असे ती सांगते. साठ वर्षे धार लावून लावून ते आता दीड बोट उरले आहे. फणसाच्या लाकडाचा पाट पायाच्या घर्षणाने मध्ये खोलगट झाला आहे. दोन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ती विळी माजघराच्या कोपऱ्यात आडवी निजलेली असते, आणि आई टेबलाशी खुर्चीवर बसून लहानशा सुरीने भाजी चिरते.

आजी हौसेने विळी देईल आणि वर दोन आठवणीही सांगेल, अशी भाचीची अपेक्षा होती. आईने ऐकून घेतले व स्वच्छ नाही म्हटले.

“मुळीच नेऊ नकोस,” ती म्हणाली. “ह्या विळीवर साठ वर्षे मी एकटी बसले. तुझ्या आजोबांना चहा करता येत असे, भातही लावता येत असे. पण विळीवर बसून त्यांनी एक भेंडी चिरली नाही. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. विळी मांडली की ती एकटीची जागा होते. आजूबाजूची माणसे मग वरून बोलतात आणि निघून जातात. तू सुरी घे. ओट्याशी दोघांना उभे राहता येते.”

यावर वाद घालण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते. दोष विळीचा नव्हे, बसणाऱ्यांच्या आणि न बसणाऱ्यांच्या वळणाचा, असे मला वाटत होते व अजूनही वाटते. परंतु आई ते ज्या शांतपणाने बोलली, त्यापुढे माझ्या तर्कशास्त्राचा उच्चार करणे मला प्रशस्त वाटले नाही. आपल्या घरातील एका माणसाने इतकी वर्षे सर्वांच्या देखत काय सोसले, हे एखाद्या भांड्याकुंड्याच्या गोष्टीतून एकदम कळावे, असा तो प्रकार होता. परतीच्या गाडीत भाची फारशी बोलली नाही. ठाकुर्ली गेल्यावर म्हणाली, “सुऱ्याच घेऊ.”

खरेदीसाठी आम्ही ठाण्याचा जांभळी नाका निवडला, कारण तेथे वस्तू हातात घेऊन पाहता येते. निघताना मी थंडपेटीच्या दारावर चिकटविलेले एक लोहचुंबक काढून पिशवीत टाकले. यात जादू नाही, साधे रसायनशास्त्र आहे. आपण वाट्या-ताटल्यांना व सुऱ्यांना दोहोंनाही ‘स्टेनलेस’ म्हणतो. परंतु त्या एका जातीच्या नसतात. शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली नावाचा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत असता, १९१३ साली त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद तयार केले, आणि ते गंजत नाही असे त्यास आढळले. क्रोमियमचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा पृष्ठभागावर धरतो व आतील लोखंडास हवा-पाणी लागू देत नाही. शेफील्ड हे सुऱ्यांचे गाव. तेव्हा बंदुका बाजूस राहून हे पोलाद सुऱ्यांकडे वळले. प्रारंभी त्या सुऱ्यांना धार धरत नसे, आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून गावकरी त्याची थट्टा करीत. योग्य तितका कार्बन असून पोलादास नीट पाणी दिले, म्हणजे लाल तापवून झटकन थंड केले, की ही अडचण राहत नाही. असे कठीण होणारे पोलाद लोहचुंबकास चिकटते. भांड्यांसाठी जे निकेलयुक्त पोलाद वापरतात ते मऊ राहते, त्यास पाणी देता येत नाही आणि ते बहुधा चुंबकास चिकटत नाही. म्हणून ज्या सुरीला चुंबक मुळीच धरत नाही ती सुरी नव्हे, सुरीच्या आकाराचा चमचा आहे असे खुशाल समजावे! याचा व्यत्यास मात्र खरा नाही. चुंबक चिकटला म्हणजे सुरी चांगलीच, असे होत नाही.

दुकानदाराने माझ्या चुंबकाकडे प्रथम संशयाने पाहिले. पण माणूस रसिक होता. त्याने स्वतःच दोन सुऱ्या पुढे करून “आता ह्या बघा, बाई,” म्हणून परीक्षेस बसविल्या, आणि एक नापास झाली तेव्हा आमच्याइतकाच तोही हसला. पुढची पाहणी डोळ्यांची. पाते दिव्याखाली धरून धार आपल्याकडे करावी. तीक्ष्ण धार दिसत नाही, बोथट धार चमकते; जेथे पांढरी रेघ लकाकेल तेथे ती सपाट झालेली आहे. मग मूठ. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे आणि खिळ्यांनी पक्के केलेले असावे. बोटभरच आत घुसविलेले पाते एखाद्या दिवशी सुरणाच्या गड्ड्यात राहते आणि मूठ हातात येते. मोठ्या सुरीचे पाते मुठीपाशी इतके रुंद हवे की, फळीवर टेकून चिरताना बोटांची पेरे फळीवर आदळू नयेत. ही शेवटची बाब पुष्कळजण पाहत नाहीत, आणि मग ‘मोठ्या सुरीने मला जमत नाही’ असे म्हणतात.

लोखंडी, म्हणजे क्रोमियम नसलेल्या पोलादाच्या सुरीचा मोह भाचीच्या यजमानांना झाला. ते दुकानात नंतर येऊन मिळाले होते, आणि त्यांनी कोठेसे वाचले होते की जपानातील कसलेले बल्लव तीच वापरतात. ते खरे आहे. तशा पोलादाची धार अप्रतिम होते. पण लिंबू, टोमॅटो वा कोकम लागले की ती काळवंडते, वांग्यावर काळे डाग पाडते, आणि ओली राहिल्यास आषाढातल्या डोंबिवलीत रात्रीतून तांबेरते. सकाळी साताच्या आत घर सोडणाऱ्या माणसांनी सुरी पुसून, तेलाचे बोट फिरवून ठेवावी ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. “जावईबापू, ती तुम्ही निवृत्त झाल्यावर घ्या,” असे मी म्हटले, आणि त्यांनी ती परत ठेवली.

अखेर खरेदी झाली ती अशी. आठ इंची पात्याची मोठी सुरी ४८० रुपयांना. साडेतीन इंची लहान सुरी ९० रुपयांना. टोमॅटो व पाव यांच्यासाठी करवती दाते असलेली एक साधी, ६० रुपयांची. दातेरी सुरीवर अधिक खर्च करू नये, कारण तिला घरी धार लावता येत नाही, बोथट झाली की टाकूनच द्यावी लागते. कडुलिंबाच्या लाकडाची फळी ३५० रुपयांना. एकूण ९८०. उरलेल्या पैशांत किसणी व सांडशी आली, आणि यादीतील ‘वगैरे’ या शब्दाचेही सार्थक झाले. फळीचे पैसे तिला जड वाटले. परंतु कडप्प्याच्या वा ग्रॅनाइटच्या ओट्यावर, अथवा हल्ली मिळणाऱ्या त्या काचेच्या फळीवर चिरणे, म्हणजे दर खेपेस सुरी दगडावर आपटणे होय. सुरी महाग आणि फळी नाही, यापेक्षा सुरी स्वस्त आणि फळी लाकडी हा संसार अधिक दिवस चालतो.

धार लावावयाचा दगड मी दिला. सुरी भेट देऊ नये. दगडाला कसला आला आहे दोष! हा दुहेरी दगड कार्बोरंडमचा असतो, एक बाजू खरखरीत व दुसरी मऊ. अमेरिकेत ॲचिसन नावाच्या संशोधकाला कृत्रिम हिऱ्यांच्या नादात १८९१ साली हा पदार्थ सापडला, आणि हिऱ्यांऐवजी त्याने जगातल्या सुऱ्यांचे कल्याण केले. दगड ओला करून सुरी त्यावर तिरपी धरावी. किती तिरपी, हा प्रश्न भाचीने केला. काटकोन करावा, त्याचा निम्मा करावा आणि त्याचाही निम्मा करावा. तेवढा कोन पुरे. एका बाजूने दहा वेळा, मग दुसऱ्या बाजूने दहा वेळा. जोर करावयाचा नाही, कोन मात्र बदलू द्यावयाचा नाही. दगड नसेल तेव्हा चिनी मातीच्या बरणीच्या बुडाशी जे चकाकी नसलेले खरखरीत कडे असते, त्यावर आपल्या आज्या पाते घासत. तेही काम करते. स्वस्त सुरीचे पोलाद थोडे मऊ असते, म्हणून तिची धार लवकर जाते, पण परतही तितक्याच लवकर येते. तिला पंधरवड्याने एकदा दगड दाखविला तर ती महागड्या सुरीला हार जात नाही. महाग सुरी घेऊन वर्षभर तशीच वापरणारांच्या घरी मी पुष्कळदा स्वयंपाकास हात लावला आहे, आणि त्या बोथट पात्याखालून टोमॅटो निसटताना देवाचे नाव घेतले आहे. बोट कापते ते बहुधा बोथट सुरीनेच. ती सालीवरून घसरते, मग आपण जोर करतो, आणि तो जोर कोठे जाईल याचा भरवसा नसतो.

रस्त्याने सायकलचे चाक फिरवीत येणारे धारवाले अजून आमच्या आळीत महिन्यापंधरा दिवसांनी येतात. त्यांच्याकडून विळी-कातरीला धार लावून घेण्यास हरकत नाही. फक्त समोर उभे राहावे. कोरड्या चाकावर पाते फार वेळ टेकले की ते तापते, कडेला निळसर झाक येते, आणि पोलादाचे पाणी उतरते. मग त्यास कितीही घासले तरी धार टिकत नाही. मध्येच पाण्यात बुडवावयास सांगितले तर कोणी रागावत नाही.

लहान सुरीला एक म्यान हवे म्हणून भाचीने हट्ट धरला, त्याचे कारण मला तिने मागाहून सांगितले. ती सुरी घरासाठी नव्हतीच, गाडीसाठी होती! सायंकाळी मुंबईहून कल्याणकडे येणाऱ्या गाड्यांतील बायकांच्या डब्यात बसावयास जागा मिळाली की कित्येकजणी मांडीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडतात, शेंगा मोडतात, लसूण सोलतात. घरी पोहोचल्यावर थेट फोडणी! बाहेरच्या लोकांना ह्याचे फार कौतुक वाटते, त्यावर चित्रे व लेख येतात. मला ते कौतुक सर्वस्वी पटत नाही. दिवसभर कचेरीत राबलेल्या बाईला दीड तासाच्या प्रवासातही डोळे मिटून बसता येत नाही, यात उद्योगप्रियता किती आणि नाइलाज किती, याची वाटणी कोणी करून दाखवावी. भाचीला मी तेव्हा काही म्हटले नाही. तीन महिन्यांनी सहज विचारले, तो ती म्यानातली सुरी घरीच असते असे कळले. घरी आधी पोहोचतो तो भाजी चिरतो, असा त्यांचा करार झाला आहे, आणि निम्म्या दिवशी आधी पोहोचतात ते जावई. त्यांचा कांदा प्रारंभी चौकोनी, त्रिकोणी व निनावी आकारांचा होत असे. आता बरा होतो म्हणतात.

एवढ्यावर हे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु श्रावणात भाचीने पोळ्या व सकाळची भाजी यांसाठी एक बाई लावल्या. वयाने पन्नाशीच्या असतील; त्या डोंबिवलीतच पाच घरी काम करतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चकचकीत मोठी सुरी पाहिली, फळी पाहिली, आणि विचारले, “ताई, इळी नाय का हो तुमच्याकडं?” भाचीने नाही म्हटले. तेव्हा त्या म्हणाल्या, “सकाळपासनं समदी कामं उभ्यानंच की. इळी असती तर भाजीपुरती तरी खाली टेकली असती.”

हे ऐकून भाचीने मला फोन केला व मी आईला. ओट्याशी दोघांनी उभे राहावे म्हणून जिने विळी नाकारली, तिला आता तिसरीला बसता यावे म्हणून ती मागावयाची होती. कसे सांगावे याचा मी बराच विचार करून ठेवला होता. त्यातले काहीच लागले नाही. आईने विचारले, “त्या किती घरी जातात?” मी म्हटले, “पाच.” ती म्हणाली, “मग ने. पण आधी धार लावून ने. गंजली असेल.”

धार मीच लावली. तांबेरा वरवरचा होता. चिंचेच्या कोळाने निघाला. पात्यास वर्तमानपत्राचे चार पदर, त्यावर आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी अशी बांधून आम्ही ती कल्याणहून बायकांच्या डब्यात घेऊन बसलो. आकार काही लपत नव्हता. समोरच्या दोघीतिघींनी ओळखले. एकीने विचारले की अशी कोठे मिळते; दुसरीने तिच्या सासरच्या विळीची खवणी कशी मोडली ते सांगितले. डोंबिवली केव्हा आली ते कळले नाही.

स्वयंपाकघरात जागा नव्हतीच. ती बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मांडली. बाई सकाळी वीस मिनिटे तेथे बसतात, आणि त्यांची मेथी ज्या वेगाने परातीत पडते तो वेग पाहण्यासाठी जावई दोनदा कामावर उशिरा गेले. परवा भाचीने सांगितले की, रविवारी नारळ खवावयास आता तेच विळीवर बसतात. खवणी सुरीला नाही, हे त्यांना पटले आहे. हे मी आईच्या कानावर घातले. तिने क्षणभर काही म्हटले नाही. मग म्हणाली, “करवंटीपर्यंत खरवडत नाहीत ना, तेवढे पाहा म्हणावे. खोबरे काळे पडते.”